साठ मिनिटांत मावतील तेवढीच: आपली गाणी कशी निवडावीत

माझ्या मामांचं मिरजेत कॅसेटचं दुकान होतं. 1987-88 च्या आसपास मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथं गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचे. काम एकच, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावायचं. लोक कोरी कॅसेट विकत घ्यायचे, हव्या त्या गाण्यांची चिठ्ठी द्यायचे आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायचे. (हा उद्योग कायद्यात बसत नाही हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा तो गावोगाव उघड चालायचा.) मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे निम्म्या चिठ्ठ्या औषधांच्या कागदावर असायच्या. पुढं गोळ्या, मागं गाणी.

शंभरेक चिठ्ठ्या हाताखालून गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पहिली चार-पाच गाणी सगळ्यांची जवळपास तीच. एका दमात, ठसठशीत अक्षरात लिहिलेली. सहाव्या गाण्यापाशी पेन थांबलेलं दिसायचं. तिथं शाईचा ठिपका, एखादी खाडाखोड, नाहीतर शब्द आठवेनात म्हणून नुसतं 'ते पावसातलं'. आणि तिथून पुढं एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या चिठ्ठीशी जुळत नसे. मामा म्हणायचे, "पहिली पाच महाराष्ट्राची, पुढची गिऱ्हाइकाची."

'माझी आयुष्यभराची आवडती गाणी' अशी यादी करायला बसणाऱ्यांना मी अजूनही हेच सांगते. चांगली गाणी आणि आपली गाणी या दोन याद्या आहेत. बहुतेक लोक पहिली तयार करतात आणि तिला दुसरीचं नाव देतात. खालची रीत दुसरीसाठी आहे. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला, नवऱ्याच्या पन्नाशीला आणि स्वतःसाठी दोनदा, अशी चार वेळा ती वापरून झाली आहे.

आधी आकडा ठरवा

बारा. आकडा न ठरवता बसलात तर दोनशे गाण्यांचा ढीग होतो आणि तो कुणीच ऐकत नाही, आपणसुद्धा. बाराच का, तर साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरचं गाणं तीन-सव्वातीन मिनिटांत आटपायचं, कारण एका बाजूला त्याहून फारसं मावायचंच नाही. नंतरची गाणी चार-पाच मिनिटांची झाली. सरासरी धरली तर एका बाजूला सहा-सात.

बीबीसी रेडिओवर 1942 पासून एक कार्यक्रम चालू आहे. निर्जन बेटावर अडकलो तर सोबत कोणत्या रेकॉर्डी असाव्यात, हे पाहुण्यानं सांगायचं. तिथं फक्त आठ. रॉय प्लॉम्लींनी सुरू केलेला हा खेळ ऐंशी वर्षांहून जास्त टिकला, आणि माझ्या मते त्याचं निम्मं श्रेय त्या आठच्या आकड्याला आहे. पण मला आठ पुरत नाहीत. मराठी घरात देवाचीच तीन होतात.

पहिली पायरी: फोन दुसऱ्या खोलीत ठेवून कच्ची यादी

वही घ्या. फोन घेऊ नका. फोन उघडलात की तो गेल्या महिन्यात काय ऐकलं ते दाखवणार, आणि तुम्ही त्यालाच आवड समजून बसणार. कच्च्या यादीत चाळीस-पन्नास नावं हवीत. एका बैठकीत होत नाहीत, दोन-तीन बैठका धरा.

'मला कोणतं गाणं आवडतं?' हा प्रश्न स्वतःला विचारू नका. त्यानं माणूस परीक्षेला बसल्यासारखा ताठ होतो आणि दर्जेदार उत्तरं देऊ लागतो. त्याऐवजी जागा विचारा. सकाळी डबे भरताना स्वयंपाकघरात काय लागायचं? विविध भारती 1957 साली सुरू झाली, त्यामुळे आज ज्यांची साठी उलटली आहे त्यांच्या घरात ती बहुधा पाळण्यापासून असणार. मुंबई केंद्र ऐकू येणाऱ्या घरांत 'आपली आवड' असायचं, 'कामगार सभा' असायची. मग बाहेर या. वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हरकडे असलेली ती एकुलती एक कॅसेट. गणपती मंडळाचा कर्णा. स्नेहसंमेलनात ज्यावर नाचलात किंवा नाचायला घेतलं नाही ते गाणं. कॉट बेसिसच्या खोलीत पार्टनर रोज रात्री लावायचा ते. वरातीत बँडवाल्यानं बेसूर वाजवलेलं. दवाखान्यात जागून काढलेल्या रात्री शेजारच्या खाटेवरून ऐकू आलेलं. तान्ह्या बाळाला झोपवताना तोंडात आलेलं. ते अंगाईच असेल असं नाही, आमच्याकडे एक भाऊ लावणीवर झोपायचा. आणि शेवटी, कुणीतरी गेल्यावर जे लागलं की तुम्ही रेडिओ बंद करायचात ते. बंद केलेली गाणीही यादीत लिहायची.

कर्ण्यावरून कानावर आदळलेलं गाणं आपलं कसं, असं कुणी म्हणेल. आपण तर वैतागायचो. पण रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर येत राहिली तरी तिच्याबद्दल ओढ वाढते. आपण निवडलेली आणि आपल्यावर येऊन पडलेली, दोन्ही गाणी आपली. माझ्या यादीत दुसऱ्या जातीची पाच आहेत.

लिहून झालं की प्रत्येक नावापुढं ते पहिल्यांदा मनात बसलं तेव्हाचं आपलं वय टाका. अंदाजे चालेल. बहुतेकांची गाणी दहा ते पंचवीसच्या मध्ये दाटीनं उभी राहतात. चाळिशी ओलांडलेल्यांना दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यांत जास्त येतात, हे मानसशास्त्रात पुष्कळदा तपासून झालं आहे, आणि गाणी त्या आठवणींबरोबरच येतात. त्यात चूक काही नाही. फक्त तिशीनंतरची पानं कोरी दिसली तर एक बैठक खास त्यांच्यासाठी घ्या. नोकरी, लग्न, बदली, मुलांच्या शाळा या वर्षांत आपण गाणी ऐकतो, पण 'आपली' म्हणून मोजत नाही. माझ्या नवऱ्याच्या यादीत 'झिंगाट' असंच आलं. 2016 साली मुलीच्या मैत्रिणींनी त्याला गॅदरिंगच्या तालमीला गाडीतून न्यायला लावलं, महिनाभर. तो म्हणतो मला आवडत नाही. शब्द सगळे पाठ आहेत.

उलट दिशेलाही बघा. 2013 मध्ये कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विशीतल्या मुलामुलींना जुनी-नवी लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या काळाबरोबरच आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही त्यांना जवळची वाटत असल्याचं दिसलं. आपल्याकडे हे सांगायला अभ्यास लागत नाही, पण यादी करताना विसरायला होतं. आपल्या जन्माआधीची गाणी वगळू नका. ती वारशात आलेली आहेत, जुन्या पितळी डब्यासारखी.

दुसरी पायरी: पहिली पाच बाजूला काढा

आता मामांचा नियम. कच्च्या यादीतली अगदी सुरुवातीला लिहिलेली पाच गाणी वेगळ्या पानावर घ्या. खोडायची नाहीत. वरती 'सगळ्यांची' असं लिहा आणि पान उलटून ठेवा.

सासूबाईंबरोबर बसले होते तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत पाच नावं सांगितली. तीन अभंग, दोन भावगीतं.

"झालं ना? चहा टाकते मग."

"आई, ही बाजूला ठेवू. आता कोल्हापूरचं सांगा. कॉलेजला जाताना काय लागायचं?"

त्यांच्या हातात टॉवेल होता. त्याची एक घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "अगं ते... महेंद्र कपूरचं. सुमनताई आहेत बघ त्यात."

ते निघालं 'सांग कधी कळणार तुला', 'अपराध' चित्रपटातलं. चित्रपट 1969 चा, म्हणजे त्या तेव्हा बावीस वर्षांच्या. मी पन्नास वर्षांत हे गाणं त्यांच्या तोंडून... पन्नास कसली, माझ्या लग्नालाच तीस झाली. पण त्या तीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

"मैत्रिणीकडे रेडिओ होता. तिच्या दारावरून जाताना मी चपलेचा अंगठा नीट करायला थांबायचे."

"रोज?"

"चप्पल तशी जुनीच होती."

त्या दिवशी चहा सहा वाजता झाला आणि वहीत एकवीस गाणी झाली. पहिल्या पाचातला एक अभंग नंतर परत आत आला, कारण त्याच्यामागंही त्यांची स्वतःची गोष्ट निघाली. 'सगळ्यांची' या पानावरून परतीचा रस्ता हाच आहे. गाणं थोर आहे म्हणून नाही, ते ऐकताना तुम्ही कुठं होता हे सांगता येतं म्हणून.

तिसरी पायरी: कस

चाळीस-पन्नास नावं झाली की एकेका गाण्याला खालच्या चाचण्या लावा. प्रत्येकीला एक खूण. दोनपेक्षा कमी खुणा मिळाल्या तर गाणं चांगलं असेल, पण आपलं नाही.

पहिली चाचणी दुसऱ्या अंतऱ्याची. धृपद सगळ्यांना येतं. पहिला अंतरा अंताक्षरीच्या जोरावर येतो. दुसरा अंतरा फोन न बघता निम्मा तरी आला पाहिजे. इथं बरीच प्रतिष्ठित गाणी गळतात, आणि थोडी शरम वाटते. वाटू द्या.

दुसरी मधल्या म्युझिकची. गाणं गुणगुणताना दोन ओळींमधला व्हायोलिनचा, बासरीचा तुकडा तुम्ही तोंडानं वाजवता का? 'टँ टँडँ' करून? तो वाजवल्याशिवाय पुढची ओळ सुरूच करता येत नसेल तर पूर्ण खूण. हे नुसत्या शब्दांवर प्रेम असणाऱ्यांना जमत नाही, त्यासाठी गाणं शेकडो वेळा कानावरून गेलेलं असावं लागतं.

तिसरी चुकीच्या शब्दांची, आणि माझी ही लाडकी. लहानपणी चुकीचे ऐकलेले शब्द अजून तोंडात असतील तर ते गाणं तुमचंच, त्यावर वाद नाही. बरोबर शब्द छापील पुस्तकातून कुणालाही मिळतात. चुकीचे शब्द फक्त तुमच्याकडे असतात.

चौथी: पहिला सूर लागल्यावर कोण दिसतं? गायक किंवा पडद्यावरची नटी दिसली तर खूण नाही. घरातलं, गल्लीतलं माणूस दिसलं, एखादी खिडकी, फरशी, वास आला, तर खूण.

आणि पाचवी लाजेची. चार जाणकार माणसांत हे नाव घ्यायला तुम्ही कचरता का? कचरत असाल तर खूण. बाराच्या यादीत असं एकही गाणं नसेल तर ती यादी लोकांना दाखवायला केलेली आहे, पुन्हा पहिल्या पायरीवर जा. सुगम संगीताच्या परीक्षा दिलेल्या आमच्या एका आत्यांच्या यादीत दादा कोंडक्यांचं 'ढगाला लागली कळ' सापडलं. त्यांनी ते पेन्सिलनं लिहिलं होतं.

चौथी पायरी: गाणं ठरलं, पण कोणतं?

इथं घाई करू नका. गाण्याचं नाव लिहून भागत नाही, तुमच्या कानात बसलेलं नेमकं ध्वनिमुद्रण कोणतं ते शोधावं लागतं. फोनवर नाव टाकलं की दहा मिळतात. नव्यानं गायलेलं, स्पर्धेतलं, ढोलकी घुसवलेलं. त्यातलं भलतंच निवडलं की गाणं सुरू होतं आणि काहीच होत नाही. मग माणूस म्हणतो, आता पूर्वीसारखं वाटत नाही.

'इंद्रायणी काठी' घ्या. संतांचा जुना अभंग समजून ते कित्येक घरांत देवापुढं लागतं. प्रत्यक्षात ते 'गुळाचा गणपती' या 1953 च्या चित्रपटातलं आहे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, आवाज भीमसेन जोशींचा. पुढं भीमसेनजी मैफलींत ते मनसोक्त विस्तारून गात. आता तुमच्या मनात आहे ते चित्रपटातलं आटोपशीर, की आषाढीला वडिलांनी लावलेलं मैफलीतलं? माझं दुसरं आहे, आणि ते अर्ध्यात तुटतं, कारण आमच्या कॅसेटची बाजू तिथं संपायची. आजही पूर्ण रेकॉर्डिंग ऐकताना त्या जागी माझा हात उठतो.

गीतरामायणाचंही तसंच. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे त्याची 56 गीतं प्रसारित झाली, तेव्हा ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. नंतर घराघरांत पोचल्या त्या एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजातल्या रेकॉर्डी. आजोबांच्या आठवणीतलं आणि तुमच्या आठवणीतलं गीतरामायण एकच असेल असं नाही. 'कट्यार काळजात घुसली' या 1967 च्या नाटकात तर 'घेई छंद मकरंद' एकाच नाटकात दोन वेगळ्या चालींत येतं, आणि 2015 च्या चित्रपटानंतर तरुण मुलांच्या कानात आणखी नवे आवाज बसले आहेत. नवऱ्याच्या यादीत हे पद होतं. वसंतराव देशपांड्यांचं मी लावलं, तो म्हणाला हे नव्हे. दोन दिवस शोधून कळलं, त्याला हवं होतं ते सोसायटीच्या गणपतीत शेजारच्या काकांनी गायलेलं.

ते कुठून आणणार? अशा गाण्यांसाठी एक वेगळी सोय करावी लागते.

ज्याचं रेकॉर्डिंगच नाही

प्रत्येकाच्या यादीत असं एक तरी असतं. आजीची ओवी, आईनं भांडी घासताना म्हटलेला अर्धवट पाळणा, प्रार्थना, भोंडल्याचं गावाकडचं कडवं. त्यालाही बारातली एक जागा द्या. पर्याय म्हणून दुसऱ्या कुणाचं रेकॉर्डिंग लावू नका.

ते माणूस हयात असेल तर याच आठवड्यात फोनवर भरून घ्या. समोर बसवून 'गा' म्हटलं की आवाज चोरतात. त्यापेक्षा निवडायला मेथी द्या, फोन उलटा ठेवा आणि दुसरंच काही बोला. सुरुवातीला पंखा बंद करा. माझ्या आत्यांच्या ओव्यांवर पूर्ण वेळ पंखाच गातो. माणूस गेलं असेल तर त्यांच्या बहिणीला, जावेला, माहेरच्या कुणाला विचारा, कडवी बहुधा तिथं शिल्लक असतात. जात्यावरच्या ओव्या असतील तर 'पारी' या संकेतस्थळावर शोधून बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून उभा केलेला एक लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह तिथं टप्प्याटप्प्यानं येत गेला आहे. आपल्या आजीची ओवी जशीच्या तशी सापडेल असं नाही, पण तिच्या शेजारच्या गावची सापडते आणि मग पुढची ओळ आठवते.

काहीच मिळालं नाही तर स्वतः म्हणा आणि तेच भरा.

पाचवी पायरी: कापाकापी

कसाला उतरलेली वीस-पंचवीस गाणी उरतील. आता दुःखाचं काम.

दोन-दोन गाणी समोरासमोर ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: हे काढलं तर माझ्याबद्दलचं काय सांगायचं राहून जाईल? 'दुसरं आहे की ते सांगायला' असं उत्तर आलं तर काढा. पावसाची तीन गाणी असतील तर तिन्ही मिळून बहुधा एकच सांगत असतात. एका गायकाची किंवा गायिकेची जास्तीत जास्त दोन ठेवा. लताबाई आणि आशाताईंच्या बाबतीत हा नियम मोडायची परवानगी सगळेच मागतात, मीही मागितली होती आणि स्वतःला दिली नाही. त्यामुळेच सुमन कल्याणपूर आणि माणिक वर्मा यांना जागा मिळाली, आणि नंतर कळलं की माझं लहानपण त्यांच्याकडेच जास्त होतं.

एक मात्र करू नका. यादीची थाळी करू नका. एक अभंग, एक नाट्यगीत, एक लावणी, एक भावगीत, एक कोळीगीत आणि चवीला एक हिंदी, असं वाढलं की ऑर्केस्ट्राचा छान कार्यक्रम होतो. तुमच्या आयुष्यात कोळीगीत नसेल तर नसू द्या. आणि भाषेचा आग्रहही नको. मराठी माणसाची यादी बहुतेक वेळा निम्मी हिंदी निघते. मिरज-सोलापूरकडच्यांत एखादं कानडी निघतं, गोव्याकडच्यांत कोंकणी, बडोद्यात वाढलेल्यांत गुजराती गरबा. माझ्या भाच्याच्या यादीत इंग्रजीच आठ आहेत आणि त्याला दुसरे अंतरे येतात, म्हणजे वाद संपला.

मध्ये रात्री जाऊ द्या, लागतील तेवढ्या. रोज यादी बघायची, रोज एकच गाणं काढायची मुभा. एका दिवसात दहा काढली तर दुसऱ्या दिवशी सगळी परत येतात.

बेटाच्या त्या कार्यक्रमात शेवटी विचारतात की लाट आली आणि एकच रेकॉर्ड वाचवता आली तर कोणती. बारा ठरल्यावर हा प्रश्न गंमत म्हणून विचारून बघा. मला यावर दुकानातलं एक गिऱ्हाईक आठवतं. पन्नाशीचा माणूस, साखर कारखान्यावर होता. चिठ्ठीवर एकच गाणं, पुढं लिहिलेलं, 'दोन्ही बाजू'. मला वाटलं विसरला. मी म्हटलं, "काका, बाकीची?" ते म्हणाले, "तेवढंच. भरेल तेवढ्या वेळा." मामांनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि कॅसेट लावली. प्रत्येक वेळी रेकॉर्डवर सुई पुन्हा पहिल्या वळ्यावर ठेवायची. दोन्ही बाजू मिळून सतरा वेळा बसलं. अठरावं अर्धं. मामांनी अर्ध्याचे पैसे घेतले नाहीत, आणि खरं तर पैसे बाजूला लागतात, गाण्याला नाही, हे त्या माणसालाही माहीत होतं. गाणं कोणतं ते सांगत नाही, ते त्यांचं.

क्रम

याला फार वेळ घालवू नका, पण अगदीच सोडूही नका. जन्मापासून आजवर अशी ओळीनं मांडू नका. सहाव्या गाण्यापर्यंत ऐकणाऱ्याला हिशेब कळतो. एका गाण्याची शेवटची दहा सेकंदं आणि पुढच्याची पहिली दहा लागोपाठ ऐका, दचकायला झालं तर जागा बदला. रडवणारी दोन शेजारी नकोत. सहाव्या गाण्यानंतर थांबायची जागा असू द्या, जिथं पूर्वी उठून कॅसेट उलटावी लागायची. बाजूच्या शेवटी दोन मिनिटं फीत उरली तर मामा तिथं सतार भरायचे. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, त्यामुळे ते आम्हाला स्वाभाविक वाटायचं. सांगलीची गिऱ्हाइकं मात्र विचारत यायची की हे कुठून आलं.

नोंदी

प्रत्येक गाण्याखाली दोन भाग लिहा. वरती गीत, संगीत, स्वर. रेडिओवर निवेदक तिघांचीही नावं सांगायचे, ती चाल मोडू नये. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर बहुतेक जुन्या मराठी गाण्यांची ही माहिती मिळते. खाली तुमची हकिकत, चार-पाच ओळींत. माझी एक देते:

'ऐरणीच्या देवा तुला. चित्रपट साधी माणसं, 1965. गीत जगदीश खेबुडकर. संगीत आनंदघन. स्वर लता मंगेशकर. तिसरीत असताना घरासमोरच्या वेल्डिंगच्या दुकानात ऐकलं. मला ते हरणीच्या देवा असं ऐकू यायचं. हरणांचाही देव असतो याचं नवल वाटायचं नाही, पण त्याला ठिणग्या का वाहतात ते कळायचं नाही. समोर ठिणग्या उडत होत्या, म्हणून पटलं. आई खिडकीतून ओरडायची, तिकडं बघू नकोस, डोळे जातील. आनंदघन म्हणजे स्वतः लताबाई हे कॉलेजात कळलं.'

एवढं पुरे. 'हे गाणं मला जगण्याची उमेद देतं' छापाची वाक्यं लिहू नका. ती कुठल्याही गाण्याखाली चालतात. वेल्डिंगचं दुकान एकाच गाण्याखाली चालतं.

यादी फोनवर लावून ठेवा, पण कागदावरही ठेवा. अॅपवरची गाणी न सांगता नाहीशी होतात, हक्क संपले की नाव राखाडी होतं आणि वाजत नाही. कागदावर ध्वनिमुद्रणाचा तपशील असेल तर तेच पुन्हा शोधता येतं. विकत मिळत असेल तिथं विकत घेऊन ठेवा. मामांच्या दुकानाचं प्रायश्चित्त म्हणून मी तसं करते.

टॅब तोडणं

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या टॅब असायच्या. त्या तोडल्या की तीवर दुसरं काही भरता यायचं नाही. मामा गिऱ्हाइकाला विचारूनच तोडायचे. मात्र तुटलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता यायचं, हेही सगळ्यांना माहीत होतं.

तेवढीच पक्की यादी करा. वर्षातून एकदा, वाढदिवसाला किंवा दिवाळीच्या साफसफाईत, सगळी बारा सलग ऐका. एक तास लागतो. एखादं गाणं सलग दोन वर्षं नुसतं वाजून गेलं, काही हललं नाही, तर चिकटपट्टी लावा. काढलेलं नाव पानाच्या मागं तारखेसकट लिहा, ते टाकून देऊ नका. माझ्या पानामागं सात आहेत. त्यांतलं एक दोनदा बाहेर गेलं आणि दोनदा परत आलं.

माझा कागद कपाटात, विम्याच्या कागदांच्या फायलीत ठेवला आहे. घरात काही शोधायचं म्हटलं की सगळे तीच फाईल उघडतात. मुलीला गेल्या वर्षी पॅन कार्डाची झेरॉक्स शोधताना तो सापडला आणि ती घाबरून माझ्याकडे आली. तेव्हापासून वरच्या कोपऱ्यात लाल पेननं लिहून ठेवलं आहे: आत्ताच लावा, वाट बघू नका. आवाज जरा मोठा.